पन्नास मीटरच्या आतलं दुकान

ज्यांना सगळा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बोलण्यातली अडखळ आणि मागं भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे.

आजचा विषय: लहान मुलांचं वाढतं वजन, आणि ते रोखायचं सरकारी धोरण नेमकं ठरवतं कोण? आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. ताडकळसला आमचं किराणा दुकान आहे, शाळेच्या गेटासमोर. दारावर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. माझी बीटेकची फी त्यातूनच गेली. आता माझा नऊ वर्षांचा पुतण्या त्याच माळांखाली वाढतोय आणि त्याचं वजन एक्केचाळीस किलो झालंय. आई म्हणते, "अंगानं भरलाय." परभणीच्या डॉक्टरांनी मात्र तक्ता काढून टिंब कुठं पडतंय ते दाखवलं. टिंब सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर होतं.

त्या रेषेपासूनच सुरू करू, कारण ती रेषासुद्धा कुणीतरी ठरवलेली असते. हा तक्ता भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये सुधारून काढला. त्या कामाचं नेतृत्व पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांकडे होतं. पाश्चात्त्य मापात मोठ्या माणसाला बीएमआय २५ ला जाड आणि ३० ला लठ्ठ म्हणतात. आपल्या मुलांसाठी या रेषा २३ आणि २७ ला जुळतील अशा खाली ओढल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले थ्रेशोल्ड बदलला की किती अलर्ट वाढतात ते रोज बघतो. इथं तसंच आहे, फक्त अलर्टच्या जागी मुलं आहेत.

रेषा खाली का ओढायची? याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून तिथल्या बायकांचा गरोदरपणाच्याही आधीपासून अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळ्याच बाजूंनी लहान, स्नायू तर फारच कमी, पण कातडीखालची चरबी जवळपास टिकून. 'बारीक-पण-चरबीयुक्त' बाळ! पुढे २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोन संशोधकांचा एक फोटो आला. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हा फोटो मी दादाला दाखवला. तो म्हणाला, "म्हंजे आपण बारीक दिसलो तरी आत डालडाच."

म्हणजे कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन वेगळी गावं नाहीत, एकाच रस्त्यावर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसतं. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये खुरटलेल्यांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेलं, आणि जादा वजनाच्यांचं १.९ वरून ४.१ वर. दोन्ही एकाच वेळी वाढले. पण आपली धोरणं बनली ती फक्त पोट भरायला.

त्यालाही कारण होतं. माझ्या आजीसाठी मुलांच्या खाण्यातलं सरकार म्हणजे १९७२ च्या दुष्काळातली सुकडी. आणि मिलो, ती अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, जिचं नाव काढलं तरी ती अजून तोंड वाकडं करते. त्या वेळी कुणी चरबीचा हिशोब मांडला असता तर लोकांनी त्याला खडी फोडायला बसवलं असतं. जीव जगवायचे होते.

मग शाळेतली खिचडी. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची, पण तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना कच्चं धान्य घरी दिलं जायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शिजवूनच द्या. हा खटला लढला पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेनं. म्हणजे मी पहिलीत जे पिवळं गरम ताट पुढं घेऊन बसलो, ते एका याचिकेमुळं.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. २००७ च्या शेवटी, मी दहा वर्षांचा, खिचडी खातोय. तिकडं दिल्लीत बिस्किट उत्पादकांच्या संघटनेनं खासदारांना पत्रं लिहिली, की शिजवलेल्या अन्नाऐवजी मुलांना बिस्किटं द्या. एकोणतीस खासदारांनी तशी शिफारसपत्रं मनुष्यबळ विकासमंत्री अर्जुनसिंह यांना पाठवली. काहींनी तर संघटनेच्या पत्रातला मजकूर तसाच उचलला होता. कॉपी-पेस्ट! आमच्याकडं कुणी असा कोड टाकला तर रिव्ह्यूत परत येतो. इथंही परत आला म्हणा. मंत्रालयानं राज्यांचं मत मागवलं, राज्यांनी ताजं अन्नच बरं म्हटलं, आणि प्रस्ताव बारगळला. एखाद्या सहीनं माझं बालपण खिचडीऐवजी क्रीम बिस्किटावर गेलं असतं, आणि मला तेव्हा ते केवढं आवडलं असतं!

अंगणवाडीत मात्र ही लढाई जास्त चिवट झाली. पोषण आहाराच्या कामात ठेकेदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच बजावलं होतं. तरी महाराष्ट्रात मोठी कंत्राटं निघाली, आणि २०१९ मध्ये न्यायालयाला ६,३०० कोटींची कंत्राटं रद्द करावी लागली. महिला बचत गटांच्या वाट्याचं काम मोठ्या पुरवठादारांकडं जातंय, हा मुद्दा होता.

आता नियम जिथं लिहिले जातात त्या खोलीत जाऊ. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याच्या कलम १३ मध्ये लिहिलंय की वैज्ञानिक समित्यांवर स्वतंत्र तज्ज्ञ असावेत. प्राधिकरणानं समित्या नेमल्या, त्यात शीतपेय आणि पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत नोकरी करणारी माणसं बसली. लेबलवर काय छापायचं हे लेबल छापणाऱ्यांनीच ठरवायचं! फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, समित्या नव्यानं नेमा. हा निकाल फारसा कुणाला माहीत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

शाळेभोवतीच्या नियमाची गोष्टही कोर्टातूनच येते. उदय फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, निकाल आला मार्च २०१५ मध्ये. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याच्या कार्यगटानंही अहवाल दिला. त्यावर आधारून महाराष्ट्रानं मे २०१७ मध्ये शासन निर्णय काढला: शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर बंद, त्याऐवजी खिचडी, इडली वगैरे ठेवा. ताडकळसच्या शाळेत कॅन्टीन कुठंय? आमच्याकडं कॅन्टीन म्हणजे आमचंच दुकान, आणि ते भिंतीच्या बाहेर. ती फट २०२० च्या केंद्रीय नियमांनी बुजवली. शाळेत आणि शाळेच्या गेटापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही.

पण कुठला पुडा 'जास्त'वाला, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? २०१८ च्या मसुद्यात लाल खूण सुचवली होती. उद्योगांनी विरोध केला, मसुदा बाजूला पडला. २०२२ मध्ये लाल खुणेऐवजी तारे आले. फ्रिजवर असतात तसे. ताऱ्यांत मेख अशी की थोडे दाणे, थोडं फळ घातलं की साखरेचे दोष काही प्रमाणात वजा होतात. चिली या देशात २०१२ मध्ये कायदा झाला, २०१६ पासून पुड्यावर काळे अष्टकोन: 'साखर जास्त'. तिथं हा कायदा रेटणारे सिनेटर ग्विदो हिरार्दी स्वतः डॉक्टर होते. आपल्याकडं एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हटलं. पहिल्या मसुद्याला तोवर सात वर्षं झाली होती.

आणि धोरण फक्त आरोग्य खात्यात ठरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, नमकीन यांच्यावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. गॅसवाली शीतपेयं मात्र चाळीसवर. महागाईतून दिलासा म्हणून ते ठीकच, पण मुलाच्या हातात काय जाईल यावर शासन निर्णयापेक्षा या दराचा जोर जास्त. उलट बाजूला बघा. शाळेच्या आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्याचा वेगळा निधी थांबवला. आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. तिच्यासाठी एकोणतीस खासदारांनी पत्रं लिहिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

दिवाळीत मी टेप घेऊन गेटापासून मोजलं. आमचा उंबरा सतरा मीटरवर. पप्पा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "तुझी फी काय शेंगदाण्यावर भरली का रं?" मी म्हणालो, पुड्यांच्या माळा आत तरी घ्या. "आत घेतल्या तर पोरं पलीकडच्या दुकानात जातील, ते पण पन्नासातच हाय." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तरच तो एकट्याला मारत नाही, आणि तपासायला तर आजवर कुणी आलेलं नाही.

दादा मधे पडला नाही. तो पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. रात्री जेवताना त्यानं सांगितलं, सरांनी पुढच्या बैठकीत विषय घेतलाय, शाळेसमोरच्या दुकानांतला खाऊ. ठराव करून ग्रामपंचायतीला पाठवायचा म्हणतात. मी त्याला २०११ चा निकाल समजावून सांगितला, समित्यांवर बसलेल्या कंपन्यांच्या माणसांचा. तो बराच वेळ भाकरी कुस्करत बसला.

मग म्हणाला, "म्हंजे मी बैठकीत बोलू का बाहेर बसू?"

पुतण्या तेवढ्यात गल्ल्यापाशी जाऊन आला होता. हातात पुडा होता.