शिक्षा

शिक्षा (स्त्री.) : सिद्ध झालेल्या अपराधाबद्दल, तसा अधिकार असलेल्याने अपराध्याला भोगायला लावलेला त्रास किंवा हानी. शब्द संस्कृत ‘शिक्ष्’ धातूचा. मूळ अर्थ शिकणे, शिकवणे. उच्चारशास्त्राच्या वेदांगाचे नावही शिक्षाच. हिंदीत तो विद्येपाशीच राहिला. मराठीने विद्येसाठी ‘शिक्षण’ ठेवले आणि ‘शिक्षा’ अपराधाला जोडली. शेजारचे शब्द एकाच अर्थाचे समजले जातात, पण तसे नाहीत. ‘दंड’ म्हणजे मुळात काठी, आज बोलण्यात पैशांची वसुली. ‘शास्ती’ थकलेल्या करावर चढते. नगरच्या महापालिकेने घरपट्टीवर शास्ती लावली म्हणून घरमालकाला शिक्षा झाली असे कोणी म्हणत नाही. दोष सिद्ध होणे हा ‘शिक्षा’ शब्दाचा गाभा आहे आणि तो सुटला की शब्द अन्यायाला झाकू लागतो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, बोलण्यात नगर) जिल्ह्यात याची ठळक उदाहरणे आहेत. ऑगस्ट 1942 मध्ये जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आदी नेत्यांना इंग्रज सरकारने नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवले. नेहरू तेथे मार्च 1945 पर्यंत होते. खटला चालला नाही, आरोप सिद्ध झाला नाही, सुटकेची मुदतही ठरली नव्हती. तरीही त्यांनी तेथे ‘शिक्षा भोगली’ असे सर्रास लिहिले जाते. ती स्थानबद्धता होती. तिला शिक्षा म्हणणे म्हणजे परक्या सरकारला न्यायाधीशाची खुर्ची देणे आणि निर्दोषांना नकळत अपराधी ठरवणे.

दुसरे उदाहरण पाथर्डी तालुक्यातील मढीचे. कानिफनाथांच्या यात्रेला भटक्या जमाती जमत आणि तेथेच त्यांच्या जातपंचायती भरत. पंच दंड ठोठावत, माणसाला वाळीत टाकत. येथे आक्षेप येतो : कोर्टकचेरी ज्यांना परवडत नव्हती आणि पोलीस ज्यांना जन्मानेच चोर मानत, त्यांना पंचांशिवाय न्याय कोठे होता? आक्षेप खोटा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच शिक्का मारला होता. पण जातीबाहेर लग्न करणे हा अपराधच नव्हे, आणि त्यासाठी घेतलेला दंड ही शिक्षा नव्हे, केवळ वसुली होय. 2017 साली अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने उलट वाळीत टाकणाऱ्यालाच 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

लोक हा शब्द सैल वापरतात, मग कोशाने एवढे काटेकोर का व्हावे, असेही विचारले जाईल. पण ‘कुठल्या जन्मीची ही शिक्षा?’ म्हणणारी बाईसुद्धा आपला अपराधच शोधत असते. सैल वापरातही दोषाची अपेक्षा सुटलेली नाही. याहून अवघड प्रश्न फाशीचा. मेलेला माणूस काय शिकणार? कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या मुलीवरील अत्याचार व खुनाला (जुलै 2016) फाशीच हवी, अशी मागणी राज्यभरच्या मोर्चांनी केली. नगरच्या न्यायालयाने तिघांना ती सुनावली 29 नोव्हेंबर 2017 रोजी, साक्षीपुरावे तपासून. तोवर ती मागणी होती; निकालाने तिची शिक्षा झाली. शिकवण्याचा अर्थ येथे उरत नाही हे मान्य करावे लागते. म्हणूनच या शब्दाची व्याख्या व्युत्पत्तीवर नव्हे, पुराव्यावर उभी करावी लागते.

शिकवण्याचा तो अर्थ अलीकडच्या कायद्यात मात्र पुन्हा डोकावतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम 4 मध्ये सामुदायिक सेवा हा शिक्षेचा प्रकार नव्याने आला. 5,000 रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला हीच शिक्षा होते.