गावगटाची गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी शेजारचा मुलगा आमच्या ओट्यावर येऊन बसला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, ‘‘चाचा, मले रेसिंगची गाडी चालवाची हाय. उघड्या चाकाची. कोन्त्या वर्गात उतरू, सांगा.’’ मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला माणूस. पेट्रोल संपलं की गाडी ढकलावी लागते, एवढंच माझं यंत्रज्ञान. हसणार होतो, पण मागे त्याचे वडील उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘‘दोन एकर काढून टाकतो म्हणतो, भाऊ.’’ अडाणकाठचं कपाशीचं वावर. मग हसता आलं नाही. म्हटलं, पंधरा दिवस द्या.

उघड्या चाकाची गाडी म्हणजे जिची चाकं अंगाबाहेर असतात, वर छत नाही, आत माणूस एकच. आमच्या बोरी अरबच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शंकरपटाची छकडी दुसरी काय असते? दोन चाकं, जू, बैलजोडी आणि वर धुरकरी. लहानपणी तळेगाव दशासरच्या पटाच्या गोष्टी आम्ही ऐकायचो, त्या सेकंदांच्या. अमुक जोडी किती सेकंदांत सुटली यावर पारावर भांडणं व्हायची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ते असो. मला आठवली ती गटांची व्यवस्था. काही पटांत खुल्या गटात लांबलांबून आलेल्या, पटासाठीच पोसलेल्या महागड्या जोड्या धावतात. आणि गावच्या, औत ओढणाऱ्या बैलांसाठी वेगळा गावगट ठेवतात. ज्या कुणाला हे प्रथम सुचलं, त्याला शर्यत कळली होती.

मोटारींच्या इतिहासात हा गावगट मी शोधू लागलो, आणि तो सापडला.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडात पैसा नव्हता. शर्यतीच्या मोठ्या गाड्या श्रीमंतांच्या. तेव्हा काही हौशी मंडळींनी ठरवलं की ५०० सीसीचं, म्हणजे मोटारसायकलचं इंजिन लावून गाड्या धावडवायच्या. १९४६ साली चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी फियाटच्या दोन छोट्या मोटारींचे पुढचे भाग एकमेकांना जोडून एक गाडी केली. इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलं. स्टर्लिंग मॉस यांनी १९४८ साली कूपरच्याच गाडीतून सुरुवात केली. १९५० मध्ये हाच वर्ग फॉर्म्युला थ्री म्हणून मान्य झाला. आणि १९५९ व १९६० साली जॅक ब्रॅबहम मागे इंजिन असलेल्याच कूपर गाडीतून जगज्जेते झाले. गरिबीत निघालेली तोड श्रीमंतांना गिरवावी लागली. मला इतिहासात असल्या गोष्टी फार आवडतात, हे कबूल करतो.

पण गावगट बिघडतोही. इटलीत जोव्हानी लुरानी यांच्या पुढाकाराने १९५८ साली फॉर्म्युला ज्युनिअर आला. इंजिन साध्या विक्रीच्या गाडीचंच हवं, अशी अट होती. पण त्या इंजिनावर किती खर्च करायचा याला लगाम नव्हता. मोठे कारखाने उतरले, खर्च फुगला आणि १९६३ अखेर तो वर्ग संपला. त्याच साली अमेरिकेत फॉर्म्युला व्हीला मान्यता मिळाली. बीटल गाडीचं इंजिन, तिचेच सुटे भाग. ब्राझीलचे एमर्सन फिटिपाल्डी १९६७ साली आपल्या देशात याच वर्गाचे विजेते झाले, पुढे जगज्जेतेही. त्याच १९६७ मध्ये इंग्लंडात फॉर्म्युला फोर्ड सुरू झाला, गाडी हजार पौंडांच्या आत असावी या हिशेबाने.

आपल्याकडे हे काम कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी केलं. मारुती ८००चं इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या बांधल्या. ज्या इंजिनावर तालुक्याचा डॉक्टर दवाखान्यात जायचा, तेच इंजिन! १९९५ साली विमान अपघातात ते गेले. पण नारायण कार्तिकेयन यांची सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच झाली आणि २००५ साली ते फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले. करुण चांडोक यांनी २००० साली फॉर्म्युला मारुतीचं विजेतेपद मिळवलं. कोइम्बतूरचा शर्यतमार्ग आज करिवर्धन यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे तिथल्याच एलजीबी कंपनीच्या नावाच्या फॉर्म्युला फोर वर्गातही मारुतीचंच इंजिन आलं.

पंधरा दिवसांनी बापलेक आले. मी म्हटलं, फॉर्म्युला म्हणजे नियम. गझलेत वृत्त, काफिया, रदीफ ठरलेले असतात; खर्च करून ते कुणाला वाढवता येत नाहीत, म्हणून माझ्यासारख्यालाही मैदानात उतरता येतं. तू वर्ग निवडताना गाडी केवढ्याला हे पहिल्यांदा विचारू नको. विचार, एका हंगामात टायर किती घेऊ देतात? इंजिनाला हात लावू देतात का? गाडी आपटली तर भरणार कोण? आणि विकत घेण्याआधी संघाची गाडी हंगामापुरती भाड्याने मिळते का, ते बघ. त्याही आधी कार्टिंग. कोल्हापूरला राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात, ते काही परदेश नाही.

वडिलांनी विचारलं, ‘‘अन् वावर?’’

‘‘वावर राहू द्या,’’ मी म्हटलं.

मुलाने स्वतःच आणखी एक वाट शोधली. फॉर्म्युला भारत नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा कोइम्बतूरला होते. मुलं उघड्या चाकाची गाडी स्वतः आखतात, बांधतात, आणि गुण नुसत्या वेगाला नसतात; खर्चाचा हिशेब मांडण्यालाही असतात. गाडी कॉलेजच्या संघाची, वर्गणी सगळ्यांची. हा संघात शिरला. वेल्डिंग शिकला, हात भाजून घेतला.

जानेवारीत तिथून त्याचा फोन आला. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम अडकली पाहिजेत, अशी परीक्षा असते. त्यांची तीनच अडकली. शर्यतमार्गावर जाऊ दिलं नाही.

‘‘मंग?’’ मी विचारलं.

‘‘चौथ्या चाकाची नळी बदलून रायलो, चाचा. सायंकाळी पुन्हा तपासतात. बाबाले सांगजा, जेवलो म्हणून.’’