लावणीतली बाई आणि दफ्तरातली बाई

सतराव्या शतकात इंग्लंडच्या रस्त्यांवर एकपानी गाणी छापून विकली जात. सॅम्युअल पेपिसने जमवलेली अशी अठराशेहून अधिक गाणी आजही केंब्रिजला आहेत. त्यांतला एक लाडका विषय म्हणजे नवऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणारी बायको. लोक हसायचे. आणि त्याच देशात १६५० साली व्यभिचाराला देहदंड सांगणारा कायदा झाला!

आता आपल्याकडे या. आपलं कल्याण पेशवाईत सुभ्याचं ठाणं. उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी, सगनभाऊ यांच्या लावण्या गाजत होत्या. लावणीतली नायिका कधी मोहिमेवरच्या नवऱ्यासाठी झुरते, कधी सासू-नणंदेची नजर चुकवून सख्याला भेटते.

पण दफ्तर उघडलं की दुसरीच बाई भेटते. 'बदकर्मा'चा ठपका आलेली. तिला सरकारात धरून कुणबीण करत, म्हणजे गुलाम. मग किल्ल्यावर नाहीतर कोठीत राबायचं. कधी विक्रीही होई.

मग खरं काय? दोन्ही. लावण्या रचणारे बहुतेक पुरुष, आणि फडावर लुगडं नेसून नाचणारा बऱ्याचदा नाच्या पोऱ्या. त्या बाईच्या लबाडीला दाद देणं सोपं होतं, कारण ती कुणाच्या घरची नव्हती. घरच्या बाईवर नुसता संशय आला तरी प्रकरण चावडीपर्यंत जाई.

म्हणून लावणीवरून 'पेशवाईत सगळं चालायचं' असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: कुणाला चालायचं?