आपलं कोर्ट आणि दहावीनंतरची वाट

शाळेमागचं बास्केटबॉलचं कोर्ट आठवतंय ना? सिमेंटला तडे, रिंगला जाळी नाही, आणि मार्चमध्येच कॅनव्हासच्या बुटांतूनही तळपाय भाजायचे. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, या खेळाचाच इतिहास लिहू. इंजिनिअर असल्यामुळे तारखांशिवाय मला चैन पडत नाही, तेवढं चालवून घ्या.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नायस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी सेन्डा बेरेन्सन यांनी जवळच्या स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवला. म्हणजे मुली या खेळात मागाहून आलेल्या नाहीत. आपल्याकडे तो वायएमसीए आणि मिशनऱ्यांबरोबर आला. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने नेबरहुड हाउस काढलं. पुढे त्याच नागपाड्यातून अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले, १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. याच मिशनने आपल्या सोलापुरातही शाळा चालवल्या.

माझ्या प्रोजेक्टवरच्या एका अमेरिकन सहकाऱ्याची मुलगी शाळेत असतानाच कॉलेजांचे प्रशिक्षक तिचे सामने पाहायला यायचे. एका कॉलेजाने तिची फीसुद्धा भरली. मला ते खरंच वाटेना! मुलींसाठी ही वाट रुंद झाली १९७२ च्या कायद्याने. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना त्याने मुलगा-मुलगी असा भेद करायला मनाई केली, आणि खेळाच्या शिष्यवृत्त्या मुलींनाही मिळू लागल्या. २०१० मध्ये भारतातून चार मुलं आणि चार मुली फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेल्या. त्यातल्या पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, ते सगळ्या पेपरांत आलं. वाराणसीची बरखा सोनकर तिथल्या हिल्सबरो कम्युनिटी कॉलेजच्या संघातून खेळली, ते फारसं कुणाला माहीत नाही. मला मात्र तिचंच कौतुक जास्त.

कारण आपल्या बॅचलाही तशी एक होती. आपली सेंटर. नाव लिहीत नाही, सगळ्यांना कळलंच असेल. पार्क मैदानावर तिला पाहायला दुसऱ्या शाळांची मुलं थांबायची. १९९६ ला दहावी झाली. बाईंनी दोघींना बजावून सांगितलं, "कॉलेजच्या निवड चाचणीला जा गं, सोडू नका." तिच्या घरी एकटीला पाठवणार नव्हते, मी सोबत असेन तरच. त्या सकाळी ती डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आमच्या दारात आली. मी म्हणाले, क्लासची परीक्षा आहे. ती परत गेली. पुढे तिने डी.एड. केलं, मी इंजिनिअर झाले.

त्या दिवशी परीक्षा नव्हती. तिची निवड होईल आणि माझी होणार नाही, याची मला भीती वाटली होती. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.