खोट्या बाभळीची खरी कहाणी

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकात मी युरोपातील मधमाशीपालनावर लेख लिहिला होता. त्यात हंगेरीच्या प्रसिद्ध ‘अकेशिया’ मधाला मी सरळ ‘बाभळीचा मध’ म्हटले. आठवड्याभरात एका वृद्ध वाचकांचे पोस्टकार्ड आले. प्रश्न एकच होता : ‘जिथे हिवाळ्यात बर्फ पडते, तिथे आपली बाभूळ तगते कशी?’ मला उत्तर देता आले नाही. वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. जे थोडेफार कळते ते वाचून आणि चुकून. ही चूक निस्तरायला बसलो आणि एका झाडाच्या चारशे वर्षांच्या प्रवासात गुंतत गेलो.

हंगेरीतले ते झाड बाभूळ नव्हेच. ते रोबिनिया, इंग्रजीत त्याला ब्लॅक लोकस्ट म्हणतात. मूळचे ते उत्तर अमेरिकेतील ॲपलेशियन आणि ओझार्क डोंगरांतले. पानांच्या बुडाशी काट्यांची जोडी असते, त्यामुळे बाभळीचे भावंड वाटावे. पण बाभळीचे फूल म्हणजे पिवळा गोल गोंडा. याची फुले पांढरी, सुवासिक, घोसांनी लोंबणारी आणि घडणीने वाटाण्याच्या फुलासारखी. फ्रान्समध्ये या फुलांची भजी करतात. साल आणि बिया मात्र विषारी. १७५३ मध्ये लिनियसने त्याचे नाव ‘रोबिनिया स्यूडोअकेशिया’ असे नोंदवले. त्यातला ‘रोबिनिया’ हा शब्द फ्रेंच राजांचा माळी झ्याँ रोबँ याच्यावरून आला आणि ‘स्यूडोअकेशिया’ म्हणजे खोटी अकेशिया. प्राचीन ग्रीक ज्या काटेरी झाडाला अकेशिया म्हणत, ते इजिप्तमधले झाड म्हणजेच आपली बाभूळ. म्हणजे या झाडाचा खोटेपणा आपल्या बाभळीशी ताडून ठरलेला आहे!

पॅरिसमध्ये नोत्र दामच्या समोर, नदीपलीकडच्या बागेत एक रोबिनिया सिमेंटच्या टेकूंवर उभा आहे. तो रोबँने १६०१ मध्ये लावला असे सांगतात. शोभेचे झाड म्हणून तो युरोपभर पसरला. अमेरिकेतल्या लोकांना मात्र त्याचे लाकूड ठाऊक होते. गाभ्यातल्या रसायनांमुळे ते जमिनीत पुरले तरी लवकर कुजत नाही. म्हणून ते कुंपणाच्या खांबांना आणि जहाजाच्या फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्यांना वापरत.

१८१९ मध्ये अमेरिकेतून परतलेल्या विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने या लाकडाचा जोरदार प्रचार केला आणि केन्सिंग्टनच्या आपल्या रोपवाटिकेतून ‘लोकस्ट’ची रोपे विकली. मागणी एवढी की रोपे पुरेनात. गंमत अशी, की हेच झाड ‘अकेशिया’ या नावाने इंग्लंडच्या इतर रोपवाटिकांत पडून होते. त्याला गिऱ्हाईक नव्हते. जॉन क्लॉडियस लाउडन याने १८३८ च्या आपल्या वृक्षग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. नाव बदलले आणि झाडाचे नशीब फळफळले.

हंगेरीत हे झाड अठराव्या शतकाच्या आरंभी आले. तिथल्या मोठ्या मैदानावर वाऱ्याने वाळू उडायची, शेते गाडली जायची. मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवणारे आणि मुळांतूनच नवे धुमारे फुटणारे हे झाड त्या वाळूत टिकले. गावाला सरपण, द्राक्षवेलींना खुंट, मधमाश्यांना फुलोरा मिळाला. मधही असा, की महिनोन्‌महिने गोठत नाही. आज हंगेरीच्या जंगलाचा जवळजवळ पाव भाग रोबिनियाचा आहे.

पण ज्या गुणांनी ते तारक ठरले, तेच गुण पुढे अंगाशी आले. कोरड्या, निकस वाळूवरच्या माळात काही दुर्मीळ गवते आणि रानफुले असतात. निकसपणा हेच त्यांचे संरक्षण. रोबिनियाने जमीन नत्राने समृद्ध केली की दांडगे तण येते आणि मूळची वनस्पती हटते. तोडले तर धुमारे दुप्पट. स्वतःच्या घरी, ॲपलेशियनमध्ये, हे झाड मोकळ्या जागेत पहिले येते, काही दशकांनी उंच झाडांच्या सावलीत मागे पडते. खोड पोखरणारा भुंगेराही तिथे आहे. युरोपात त्याला आवरणारे फारसे कोणी नव्हते. २०१४ मध्ये युरोपीय संघाने उपद्रवी परकीय जातींविरुद्ध कायदा केला आणि त्याच वर्षी हंगेरीने हे झाड व त्याचा मध राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केला! २०१६ च्या पहिल्या बंदी-यादीत रोबिनियाचे नाव आले नाही.

हे वाचताना मला आमच्या गावामागची टेकडी आठवत होती. विशीत असताना श्रमदानात मी तिथे गिरिपुष्पाचे खुंट लावले. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, पाला खताला होतो, म्हणून आम्ही खूश होतो. हे गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. अठराव्या शतकात जॅकीनने त्याला प्रथम नाव दिले तेही ‘रोबिनिया’च! आज गावातली मुले म्हणतात, ‘काका, तुमच्या झाडांखाली गवतही उगवत नाही, तोडू या.’ ऐकून आधी राग आला. मग त्यांच्याबरोबर टेकडी चढलो.

जिथे नुसता उघडा मुरूम होता, तिथे आता माती धरली आहे. जिथे पूर्वी पावसाळ्यात कुसळी गवत आणि तेरड्याची फुले असत, तो पठाराचा माथाही आम्ही झाडांनी भरून टाकला होता. ‘पडीक’ समजून. चूक झाडाची नव्हती. जागा ओळखण्यातली होती, आणि ती माझीही होती. माथ्यावरची झाडे काढायची, उतारावरची तूर्त ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. पहिली कुऱ्हाड मी चालवली.

पोस्टकार्डाचे उत्तरही पाठवले : ‘बाभूळ तिथे तगत नाही. माझे चुकले. तिथे जे तगले आहे, त्याची हकीकत लिहितो आहे.’