धुण्याच्या सोड्याची कुळकथा

मळके कपडे भिजविताना पाण्यात मूठभर सोडा टाकण्याची रीत आपल्या घरांतून अनेक पिढ्या चालत आली आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक धुण्याच्या भुकट्यांतही हाच सोडा मिसळलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला सोडियम कार्बोनेट म्हणतात. खाण्याचा सोडा हा त्याचा सौम्य भाऊबंद. परंतु दोहोंची गल्लत कदापि होऊ देऊ नये, कारण धुण्याचा सोडा पोटात गेल्यास इजा करतो.

विहिरीच्या जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन चोथा बनतो आणि साबण वाया जातो. सोडा या क्षारांना न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपाने बाजूला काढतो. मग थोड्या साबणालाही भरपूर फेस येतो. काच बनविताना वाळू कमी उष्णतेवर वितळावी म्हणूनही सोडाच लागतो.

पूर्वी हा क्षार निसर्गाकडूनच मिळे. इजिप्तमध्ये तो कोरड्या सरोवरांच्या काठी सापडे. स्पेनमध्ये समुद्रकाठच्या झुडपांची राख करून काढीत. आपल्याकडे सज्जीखार होताच. लोणारच्या परिसरात साबण व काच यांना लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

अठराव्या शतकात फ्रान्सला स्पेनच्या राखेवर अवलंबून राहणे जड जाऊ लागले. साध्या मिठापासून सोडा बनविणाऱ्यास तेथे बक्षीस जाहीर झाले. ऑर्लेआंच्या ड्यूकचा शल्यवैद्य निकोला लब्लां याने हे कोडे सोडविले. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करायची, मिळालेला पदार्थ चुनखडी व कोळसा यांच्यासह भाजायचा आणि त्यातून पाण्याने सोडा काढून घ्यायचा, ही त्याची कृती. १७९१ साली त्याला एकस्व मिळाले आणि पॅरिसजवळ सें-दनी येथे कारखाना उभा राहिला. परंतु १७९३ साली त्याचा आश्रयदाता ड्यूक गिलोटिनवर गेला, कारखाना जप्त झाला आणि राष्ट्रहितासाठी त्याची कृतीही जाहीर करण्यात आली. पुढे कारखाना परत मिळाला, पण तो चालविण्यास भांडवल उरले नव्हते. बक्षीस तर कधीच हाती पडले नाही. १८०६ साली त्या विपन्न माणसाने आत्महत्या केली.

त्याच्या कृतीवर मात्र इंग्लंडमध्ये मोठमोठे कारखाने उभे राहिले. सोडा स्वस्त झाला आणि त्याबरोबर साबण व काचही. पण या स्वस्ताईची झळ शेजाऱ्यांना बसली. धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांनी झाडे करपली, पिके जळाली. अखेर १८६३ साली पार्लमेंटने कायदा करून या वाफांपैकी निदान पंचाण्णव टक्के वाफा कारखान्यातच शोषून घेण्याची सक्ती केली. पुढे त्याच आम्लापासून विरंजक भुकटी बनू लागली आणि जे हवेत सोडले जात होते, तेही विकले जाऊ लागले!

याच सुमारास, १८६१ साली, एर्नेस्ट सॉल्व्हे या तेवीस वर्षांच्या बेल्जियन तरुणाने मिठाचे पाणी, चुनखडी व अमोनिया यांच्या साह्याने सोडा बनविण्याची अधिक स्वच्छ रीत सिद्ध केली. तीत अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो. लब्लांची रीत हळूहळू मागे पडली. तथापि लब्लांची कृती जशी सर्वांना खुली झाली, तशी ही झाली नाही. ती हाती असलेल्या कंपन्या तिचे तपशील कसोशीने गुप्त ठेवीत.

म्हणूनच ओखामंडळाच्या कथेला महत्त्व आहे. काठेवाडच्या पश्चिम टोकाचा हा प्रदेश तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात मोडत असे. तेथे कपिलराम वकील यांनी मिठाचा उद्योग उभारला. १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि मिठापूरला सोड्याचा कारखाना आला. तोवर आपला बराचसा सोडा विलायतेहून येत असे.

चार आण्यांची पुडी म्हणून ज्या पदार्थाकडे आपण पाहत आलो, त्याच्या स्वस्ताईसाठी कोणी आपले सर्वस्व गमावले, कोणाची शेते करपली. स्वस्त वस्तूची किंमत कोठेतरी कोणीतरी चुकती करीत असतो. ती कोण चुकवितो, हे पाहण्यास इंग्लंडला कायदा करावा लागला. तो प्रश्न आजच्या कारखान्यांनाही विचारण्याजोगा आहे.