मक्याच्या दाण्यापासून मेंदूपर्यंत

१९५१. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या ठिपकेदार दाण्यांचे कोडे उलगडले : काही जनुकीय घटक गुणसूत्रावरील आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात.

प्रतिसाद थंड होता. जनुके माळेतील मण्यांप्रमाणे जागच्या जागी असतात, हीच तेव्हाची रूढ धारणा. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर नियतकालिकांतून लिहिणे जवळपास थांबवले. संशोधन थांबवले नाही.

पुढे जिवाणूंतही असे घटक सापडले. १९८३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळाले.

२००५ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधील फ्रेड गेज यांच्या गटाने मानवी ‘एल-१’ घटक उंदरांच्या मेंदूतही जागा बदलतो, हे दाखवले. शरीरातील प्रत्येक पेशीत तंतोतंत तोच जनुकसंच असतो, हे पाठ्यपुस्तकी विधान मेंदूपुरते तरी डळमळीत झाले.